सोलेभाताची हजेरी

आमच्या सरांच्या शिकवणीत ‘हजर’ म्हणायची पद्धत नव्हती. नाव पुकारलं की रात्री आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. नाचणगावात त्यांच्या घरामागे टिनाचं छप्पर घातलेली एक लांबट खोली होती. तिथं सकाळी सात वाजता आम्ही अकरावी-बारावीची तीसेक मुलंमुली सतरंजीवर बसायचो आणि गणिताच्या आधी दहा मिनिटं हे चालायचं. “आलूपोहे, सर.” “शिळी भाकर अन् ठेचा.” “चहा-टोस्ट.” “काईच नाई, सर.” सर चष्म्याच्या वरून एकदा बघायचे आणि निळ्या शाईनं प्रत्येकाच्या नावापुढे ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचे. कुंपणापाशी उभं राहून कोणी ऐकलं असतं तर त्याला इथं खाणावळ आहे असंच वाटलं असतं.

हे सगळं मला आता क्रमानं आठवत नाही. त्या खोलीतली सकाळ आठवते. थंडीत टिनावरून दव टपकायचं, आणि कुठून तरी चुलीचा धूर दारातून आत येऊन फळ्यापाशी रेंगाळायचा. लांबून, पुलगावच्या बाजूनं, रेल्वेचा आवाज यायचा आणि सर बोलता बोलता गाडी जाईपर्यंत थांबायचे. ती शांतता मला अजून मधूनच भेटते, दुपारी डोळा लागता लागता. मग सर पुन्हा बोलायला लागतात आणि मी जागी होते.

सर उंच आणि किडकिडीत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवणी सुरू केली होती. बुशकोटाच्या एका खिशात भाजलेले शेंगदाणे आणि दुसऱ्यात कागदात बांधलेला गूळ, त्यामुळे त्यांच्या सगळ्या बुशकोटांना डाव्या बाजूला एक तपकिरी डाग होता. कोणी “काईच नाई” म्हटलं की सर उठायचे, त्याच्या हातावर मूठभर दाणे आणि गुळाचा खडा ठेवायचे आणि तो खाऊन होईस्तोवर बाकीच्यांना ताटकळत ठेवायचे. उपाशी मुलासमोर सूत्र मांडणं त्यांना असभ्यपणाचं वाटायचं.

त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते संपूर्ण त्यांचं स्वतःचं होतं. “तुमी लोक मन-मन करता,” ते म्हणायचे. “मन राह्यते कुठं? पोटाच्या वरच्या मजल्यावर, भाड्यानं. खालचा मजला पेटून राह्यला असन, तं वरचा काय झोपीन?” आम्ही हसायचो. ते मात्र गंभीर असायचे. शनिवारी त्यांची ती जाडजूड वही उघडायची आणि एकेकाला त्याचा आठवडा वाचून दाखवला जायचा. “गुरुवारी तू सख्ख्या मैतरनीशी भांडली. बुधवारी रात्री जेवली नोती. लिहून हाय माह्याजवळ.” दर वेळी ते जुळायचंच असं नाही. एकदा त्यांनी एका मुलीला सांगून टाकलं की तीन दिवस चहा-बिस्किटांवर काढल्यामुळे तू येत्या मंगळवारी रडणार. मंगळवारी ती खिदळतच आली आणि सर दिवसभर तिच्यावर नाराज होते.

पुड्यातल्या खाण्याशी त्यांचं वैर होतं. कोणाच्या दप्तरातून कुरकुरीत काहीतरी निघालं की ते पुडा मागून घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे आणि म्हणायचे, “अर्धा वारा हाय याच्यात. वारा खाऊन गनित येते का बे?” पण ते नुसते बोलत नसत. एका उन्हाळ्यात त्यांनी आठ दिवस स्वतः फक्त नूडल्स, वेफर्स आणि ते हिरव्या डब्यातलं ताकदीचं पेय यांवर काढले, मुलं कशी होतात ते बघायला. रोजच्या रोज लिहून ठेवलं. पाचव्या दिवशी, त्यांच्याच नोंदीप्रमाणे, त्यांना एक सोपं प्रमेय आठवेना आणि पत्नीशी विनाकारण भांडण झालं. आम्ही काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, याबद्दल विचारलं. काकू लसूण सोलत होत्या. “मले तं काई फरक नाई दिसला, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “हे आधीबी असेच भांडत होते.”

एका मुलानं वर्गातच दुसऱ्याच्या कानाखाली वाजवली तेव्हाची गोष्ट. सरांनी आधी वही बघितली. मग त्याला स्वयंपाकघरात नेऊन काकूंकडून दोन भाकरी आणि वाटीभर वरण खायला लावलं, हात धुवून झाल्यावर बाहेर आणलं आणि मग सगळ्यांसमोर असं झापलं की तो मुलगा रडायला लागला. “आधी कायले जेवू घातलं, सर?” कोणीतरी विचारलं. “उपाशी मानसावर रागावता येत नाई,” सर म्हणाले. “त्याले समजतच नाई.”

मी अल्लीपूरची. घरी शेती, खाऊन-पिऊन सुखी म्हणतात तसं घर. गावच्या शाळेत मी पहिली यायची. अकरावी-बारावी आणि पुढच्या प्रवेश परीक्षेसाठी बाबांनी मला पुलगावला एका घरात वरच्या मजल्यावर खोली करून दिली, खाणावळीचा डबा लावून दिला आणि सायकल घेऊन दिली. अकरावीच्या शेवटी मी वर्गात तेविसावी आले. तेवीस हा काही मरायचा आकडा नव्हे, आता मला हसूही येतं. पण जूनमध्ये परत आले ती मी दुसरीच कोणीतरी होऊन आले होते.

सुरुवात जेवणाचा वेळ वाचवण्यापासून झाली. डबा खायला वीस मिनिटं लागतात, चहाला दोन. मग पोटानं मागणं सोडलं. डबा मी गल्लीतल्या गाईला घालायची, ती गाय मात्र त्या पावसाळ्यात चांगली गुबगुबीत झाली. मी चहावर आणि टोस्टवर होते, कधी एखादा वेफर्सचा पुडा. झोप तुटली. दोन आकड्यांची बेरीज करताना मधला हातचा कुठे जायचा ते कळेना. आईचा फोन आला की मी चिडायची आणि फोन ठेवल्यावर रडायची. का, ते विचाराल तर एकही धड कारण नव्हतं. आपण बंद पडत चाललोय एवढं कळत होतं, आणि ते कोणालाही कळू द्यायचं नव्हतं.

दुपारी कॉटवर पडून मी मोबाईलवर लोक जेवतानाचे व्हिडिओ बघत बसायची. मग मोबाईल छातीवर ठेवून डोळे मिटले की आमच्या घरचा स्वयंपाक सुरू व्हायचा. वर पंखा फिरायचा आणि मी अल्लीपूरच्या ओट्यापाशी उभी असायची. आई परातीत पीठ मळते आहे, कढईत तेल तापलंय, मोहरी उडाली, लसूण लाल होत चालला. मी एकेक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची, घाई न करता, आणि ताट वाढून झालं की बरोबर तिथंच जाग यायची. त्या घासांना चव होती. पोटात मात्र काही जात नव्हतं, आणि मला त्याचं सुखच वाटायचं.

सकाळी हजेरीला मी तेच सांगायची. “भाकर अन् अंबाडीची भाजी, सर.” “रात्री वरन-भात, सकाळी फोडनीची पोळी.” खोटं बोलतेय असं वाटायचंसुद्धा नाही, मी ते आदल्या दुपारी जेवलेलीच असायची. सर खूश होऊन लिहीत जायचे. जुलैच्या एका शनिवारी त्यांनी वही वर धरली आणि माझं पान सगळ्यांना वाचून दाखवलं, सोमवार ते शनिवार. “हे पान पाहा. घरापासून दूर राह्यते, पन कसं खाते पाहा ही पोरगी. हिले कधी काई होनार नाई.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांना वाईट वाटेल म्हणून नव्हे, पण त्या टाळ्यांनंतर खरं सांगायचा रस्ता माझ्यापुरता बंद झाला. त्यापुढचे पाच आठवडे माझं पान अख्ख्या वहीत सगळ्यात सुंदर होतं.

ऑगस्ट संपत आला होता. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं आणि माझं डोकं धुक्यात असल्यासारखं होतं. नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “सोलेभात, सर. वरून कच्चं तेल.”

सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. ते थंडीत निघतात, पौषाच्या आसपास. ऑगस्टमध्ये आमच्या सगळ्या जिल्ह्यात तूर गुडघ्याएवढी असते, तिला फूलही नसतं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, सगळी शेतकऱ्यांचीच मुलं. मागून एक जण म्हणाला, “सर, हिच्या वावरात आत्ताच शेंगा धरल्या.” खोली हसली. शेतकऱ्याच्या पोरीनं ऋतू चुकावा, याहून मोठी फजिती आमच्याकडे नाही.

सर हसले नाहीत. त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं आणि तिथं निळ्या शाईचा ठिपका मोठा होत होता. “चूप बस बे,” ते त्या मुलाला म्हणाले. मग पुढचं नाव घेतलं. त्या दिवशी त्यांनी तास पूर्ण घेतला, पण तीन वेळा फळ्यावर चुकले.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं आता झापणार. ते सतरंजीवर माझ्यासमोर मांडी घालून बसले.

“सोलेभात कसा करते व तुई माय? सांग बरं मले.”

मी सांगायला लागले. शेंगा कशा निवडायच्या, दाणे किती भरायचे, हिरवी मिरची आणि लसूण कसा ठेचायचा, तांदूळ कधी टाकायचा, झाकण काढल्यावर वाफेतून कसा वास येतो. सर डोळे मिटून ऐकत होते. बाहेर छपराचं पाणी थेंब थेंब पडत होतं. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. सांगता सांगता ताट वाढून झालं आणि मी थांबले.

“लय चांगला असन,” ते म्हणाले. “अन् हा खाल्ला कधी?”

“जानेवारीत.”

“अन् काल?”

ते वाट बघत राहिले. त्यांना वाट बघता यायची, हे मी विसरलेच होते.

“चहा,” मी म्हणाले.

त्यांनी वही जवळ ओढली आणि माझं पान उघडलं. अंबाडीच्या भाजीवर बोट ठेवलं. “हे?” मी मान हलवली. “हे?” तेही नाही. त्यांचं बोट एकेका ओळीवरून मागे मागे जात राहिलं, जुलै ओलांडून जूनपर्यंत. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचं तोंड अगदी उतरलं होतं. ज्या पानावर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं तेच पान पोकळ निघालं होतं, आणि मला त्या क्षणी स्वतःपेक्षा त्यांचीच कीव आली.

“चुकलं माह्यं,” सर म्हणाले. “तुमच्या ताटात काय हाय ते मी रोज इचारलं. ताटाजवळ कोन बसलं हाय, ते एका दिवशी नाई इचारलं. अन् वरून टाळ्या वाजवाले लावल्या.”

मग मला रडू आलं. ते बराच वेळ थांबलं नाही. सरांनी शेंगदाणेसुद्धा काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. सरांनी फोनवर काय सांगितलं ठाऊक नाही, पण बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. “घरी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागून हाय, सर,” ते म्हणाले, “अन् माई पोरगी उपाशी? लोकं काय म्हनतीन?” मग त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, आणि त्यांची दोन बोटं त्याच्याभोवती फिरून एकमेकांवर चढली. “काऊन व माय,” ते हळूच म्हणाले. “सांगाचं होतं ना मले.”

आम्ही तिघं वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. सर बुशकोटाच्या वर जाकीट घालून आले होते, लग्नाला निघाल्यासारखे. डॉक्टरीणबाई आधी माझ्याशी एकटीशी बोलल्या, मग त्यांनी बाबांना आणि सरांना आत घेतलं. उदासीचा आजार आहे, त्या म्हणाल्या. मन खचलं म्हणून खाणं सुटलं आणि खाणं सुटलं म्हणून मन आणखी खचलं. कुठून सुरू झालं ते शोधत बसू नका. गोळ्या लिहून दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलायला यायला सांगितलं.

“म्हंजे मॅडम, निस्त्या भाकरीनं होत नाई,” सर म्हणाले. पन्नास वर्षांचं मत मोडताना माणूस जसा बोलेल तसे.

“भाकरीशिवायही होत नाही,” बाई म्हणाल्या.

बाबांना मला तिथूनच घरी न्यायचं होतं. वर्ष गेलं तर गेलं, म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं, पण मला कळत होतं की आत्ता अल्लीपूरला गेले तर कॉटवर पडेन ती पडेनच, पंखा बघत. मला ते सांगता येईना. सरांनी बसस्टँडवर बाबांपुढे हात जोडले, मला फार संकोचल्यासारखं झालं. “दिवाळीपावतर द्या मले. दुपारचं जेवन हिचं आमच्या घरी. दिवाळीले तुमाले वाटलं नेलं पाहिजे, तं घेऊन जाजा. मी आडवा येनार नाई.” बाबा हो म्हणाले. पुढच्या रविवारी ते अर्धं पोतं ज्वारी घेऊन आले आणि काकूंनी ती ठेवून घेतली.

तर रोज दुपारी एक वाजता मी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची. उजवीकडे सर, समोर काकू. अभ्यासाचं बोलायचं नाही हा काकूंचा नियम होता, आणि तो सरांनाच जास्त जड जायचा. पहिल्या आठवड्यात मला चतकोर भाकरसुद्धा संपेना. घास तोंडात फिरत राहायचा. कोणी म्हटलं असतं ‘खा ना’, तर मी उठून गेले असते. काकू वांग्यांच्या भावाबद्दल बोलायच्या, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलायच्या, सरांच्या डागाळलेल्या बुशकोटांबद्दल तर रोजच. सर मान खाली घालून जेवायचे. ते माझ्या ताटाकडे बघायचे नाहीत. न बघण्यासाठी त्यांना किती कष्ट पडताहेत, ते मला त्यांच्या मानेवरून दिसायचं. ती वही तर त्या स्वयंपाकघरात कधी आलीच नाही. वर्गात हजेरी चालू होती, पण शनिवारचं वाचन त्यांनी बंद केलं. मुलांना चुकल्यासारखं वाटलं. बंद का केलं ते कोणी विचारलं तरी सर सांगत नसत.

सप्टेंबर तसाच गेला. काही दिवस बरे जायचे, मग तीन दिवस पुन्हा सगळं जड. एकदा मी सलग दोन दिवस आलेच नाही. तिसऱ्या दिवशी सर सायकलवरून पुलगावला आले, खाली रस्त्यावर उभे राहून त्यांनी घंटी वाजवली, आणि मी खाली उतरेपर्यंत दर दोन मिनिटांनी एकदा वाजवत राहिले. मग ते पुढे, मी मागे, अशा आमच्या सायकली नाचणगावला आल्या. त्या दुपारी मी रागानं अर्धी भाकर खाल्ली.

सर आता शिकवणी घेत नाहीत, नागपूरला मुलाकडे असतात. लोक मला विचारतात, म्हणजे तुला सरांनी बरं केलं की डॉक्टरांनी? मला सांगता येत नाही. गोळ्या वर्षभर चालल्या, त्या बाईंकडे मी बराच काळ जात होते. पण बरं होणं कधी सुरू झालं ते मला नेमकं माहीत आहे.

दिवाळीला आठ-नऊ दिवस उरले होते. पाऊस जाऊन ऊन स्वच्छ पडलं होतं, वावरांत कापूस फुटला होता. काकूंनी अंबाडीची भाजी केली होती, वरून लसणाची फोडणी. सरांच्या दोन भाकरी, काकूंची दीड आणि माझी अर्धी, असा हिशेब ठरलेला होता, काकू तेवढंच पीठ भिजवायच्या. माझी अर्धी संपली. मी बोटानं ताट पुसलं आणि सहज म्हणाले, “काकू, अजून हाय का भाकर?”

टोपलीत काही नव्हतं. काकूंनी टोपलीकडे बघितलं, मग सरांकडे. सरांचा घास हातातच राहिला. मला वाटलं काहीतरी चुकलं आपलं, म्हणून मी म्हणाले, “नाई तं राहू द्या.”

“राहू द्या म्हने,” काकू म्हणाल्या आणि उठल्या. हात धुतले, परात पुन्हा खाली घेतली, गॅस पेटवला. सरांनी घास ताटात ठेवला. जेवण अर्धं टाकून ते माझ्यासोबत थांबून राहिले, हात वाळत होता तरी. त्यांनी तोंड दाराकडे वळवलं होतं, अंगणाकडे, आणि चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला होता.

“आस्ते कर,” ते काकूंना म्हणाले, मागे न बघता. “घाई नाई.”

पण मला घाई होती. पीठ मळून होईना, तवा तापेना. काकूंच्या हाताखाली भाकर गोल होत होती आणि मी तिच्याकडे टक लावून बसले होते. मला भूक लागली होती.